गडद पानांची झुडपं, कमी पाण्यात: मुंबईतल्या नवशिक्यांसाठी

मुंबईत पाणी वाचवणारी बाग करायची म्हटलं की पहिला प्रश्न येतो, इथे कशाला? सांताक्रूझला वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. खरं आहे, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये उरकतो. पुढचे सात-आठ महिने झाडाला वरून काही मिळत नाही, आणि मे अखेरीस तर तलावांनीही तळ गाठलेला असतो. २०२४ साली ३० मेपासून ५ टक्के आणि ५ जूनपासून १० टक्के पाणीकपात लागली होती. अशा दिवसांत कुणाच्या गॅलरीतून पाण्याचा पाइप लोंबताना दिसला की सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याचा फोटो यायला वेळ लागत नाही.

मोगरा, गुलाब, शेवंती यांना खत-पाणी वेळच्या वेळी लागतं आणि फुलं मात्र आपल्या हंगामातच येतात. गडद झुडपांची मरून किंवा वांगी रंगाची, जवळजवळ काळी पानं बारा महिने दिसत राहतात. नव्याने बाग करणाऱ्याला एवढा दिलासा पुरेसा असावा. शिवाय या पानांचा रंग ज्या कारणाने येतो, ते कारण कमी पाण्याच्या बागेच्या पथ्यावर पडणारं आहे.

रंग कशामुळे येतो

जांभळाला आणि कोकमाला जे रंगद्रव्य जांभळं-लाल करतं, तेच बहुतेक गडद पानांत असतं: अँथोसायनिन. पानात हरितद्रव्य असतंच, फक्त या रंगाखाली झाकलेलं असतं. कडक उन्हापासून पानाचा बचाव करणं हे अँथोसायनिनचं एक काम. म्हणून ऊन भरपूर मिळालं की पान गडद होतं, आणि सावलीत गेलं की तेच झाड महिन्या-दोन महिन्यांत हिरवट पडायला लागतं. युरिया किंवा नायट्रोजनवालं खत ढकललं तरी हेच होतं. झाड भराभर मऊ, हिरवी पानं काढतं, आणि अशी पानं पाणीही जास्त पितात.

म्हणजे ऊन सढळ, खत हात राखून आणि पाणी बेताचं, असा हिशेब आहे. बेताचं म्हणजे शून्य नव्हे. ‘ड्रॉट टॉलरंट’, म्हणजे कमी पाण्यावर तगणारं, अशी पाटी वाचून लोक झाड आणतात, पहिल्याच आठवड्यात त्याला उपाशी ठेवतात आणि मग नर्सरीवाल्याला बोल लावतात. झाड कमी पाण्यावर तगतं ते मुळं खोल गेल्यावर. मुळं खोल जायला मुंबईत एक पावसाळा लागतो.

आधी ऊन बघा, मग झाड

आपल्या गॅलरीत ऊन किती येतं हे बहुतेकांना अंदाजाने माहीत असतं, आणि तो अंदाज ज्या ऋतूत घर घेतलं त्या ऋतूचा असतो. मुंबई १९ अंश उत्तरेला आहे. मेच्या मध्याला सूर्य बरोबर डोक्यावर येतो, मग थोडा उत्तरेकडे सरकतो आणि जुलैच्या शेवटी परतीच्या वाटेवर पुन्हा डोक्यावरून जातो. शून्य सावलीचा दिवस म्हणून पेपरात बातमी येते ती याचीच. याचा कुंड्यांशी थेट संबंध आहे. दक्षिणेची गॅलरी डिसेंबरात उन्हाने भरलेली असते, पण मेमध्ये वरच्या स्लॅबची सावली तिच्यावर पडते. तिथे ठेवलेलं काळं झुडूप थंडीत झकास दिसतं आणि उन्हाळ्यात फिकं पडतं. यात झाडाचा दोष नाही. पूर्वेची गॅलरी नवशिक्यासाठी सर्वांत चांगली, सकाळचं चार तासांचं ऊन बहुतेक गडद पानांना पुरतं. पश्चिमेला दुपारी दोननंतर ऊन येतं, भिंत तापते आणि ती रात्री आठपर्यंत गरम राहते. गडद पान उष्णता जास्त शोषतं, त्यामुळे पश्चिमेला फक्त टणक झाडं लावा. उत्तरेला या लेखातलं काही लावून उपयोग नाही, तिथे हिरवीगार झाडं छान वाढतात.

एखाद्या रविवारी सकाळी आठ, अकरा, दोन आणि पाच वाजता गॅलरीचा फोटो काढा. तेवढं पुरे.

कुठली झाडं

परदेशी बागांच्या फोटोंत काळसर जांभळं कोटिनस किंवा बार्बेरी दिसते. त्यांना कडाक्याची थंडी लागते, ती विसरा. लोरोपेटालम हल्ली नर्सऱ्यांत दिसतं, मोहक आहे, पण तेही मूळचं थंडी पडणाऱ्या प्रदेशातलं. पहिल्या वर्षी त्याच्या नादी लागू नका.

आपल्याकडे खरी चालतात ती बहुतेक आग्नेय आशिया ते पॅसिफिक बेटांच्या पट्ट्यातली झुडपं. दमट हवा त्यांच्या ओळखीची आहे. मुंबईचा उन्हाळा दमट असतो म्हणूनच ही झुडपं इथे कमी पाण्यात निभावतात. तेच झाड तेवढ्याच पाण्यावर नागपूरच्या मेमध्ये करपून जाईल.

अकालिफा हे सुरुवातीचं झाड. तांबूस, मरून पानं, वाढ जोरात, किंमत कमी, आणि छाटणी कशीही केली तरी रागावत नाही. तहान लागली की पानं लगेच मान टाकतात, पाणी दिलं की तासाभरात उभी. पाणी कधी द्यायचं हे नवख्या माणसाला झाडच सांगतं, यापेक्षा चांगला शिक्षक नाही. काळपट जांभळ्या पानांचं एरॅन्थेममही असंच. बंगल्यांच्या आणि सोसायट्यांच्या कुंपणाला ते पूर्वीपासून लावतात, पण तेच एकट्याने मोठ्या कुंडीत ठेवलं तर फार रुबाबदार दिसतं. ग्रॅप्टोफायलमची चॉकलेटी, चकचकीत पानं मला या सगळ्यांत उजवी वाटतात. त्याची वाढ सावकाश, पण एकदा जमलं की वर्षानुवर्षं राहतं.

क्रोटनबद्दल एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. नवीन पान पिवळं-हिरवं येतं आणि जुनं होताना लाल, मग गडद होतं. त्यामुळे ‘रंग उतरला’ म्हणून घाबरायचं कारण नाही. जागा बदलली की क्रोटन खालची पानं गाळतं, तेही चालायचंच. गडद रंगासाठी रुंद पानाची, मरून-काळ्या झाकेची जात मागा. पिवळे ठिपके असलेली नको.

लाल युफोर्बिया, म्हणजे कोटिनिफोलिया, पाण्याच्या बाबतीत सर्वांत कडक. गर्द वाइन रंग, पश्चिमेच्या उन्हातही टिकतं, फार ताण पडला तर पानं गाळून बसतं आणि पाऊस आला की पुन्हा फुटतं. मात्र त्याचा चीक वाईट आहे. कातडीला फोड येतात, डोळ्यात गेला तर फार त्रास होतो. एक्सकोकेरियाचं पान वरून हिरवं, खालून गर्द लाल, आणि चीक त्याचाही तसाच. आपल्या खाडीतल्या तिवरांत वाढणारा गेवा याचाच भाऊबंद आहे. घरात रांगतं मूल, कुत्रा किंवा मांजर असेल तर ही दोन्ही आणू नका. क्रोटनच्या चिकानेही हाताला खाज सुटू शकते. कॉर्डिलाइन, जे नर्सरीत बऱ्याचदा लाल ड्रेसिना या नावाने मिळतं, ते कुत्र्या-मांजरांनी चघळलं तर त्यांना बाधतं. शिवाय खारट पाण्याने त्याच्या पानांची टोकं जळतात, तेव्हा बोअरवेलचं पाणी वापरणाऱ्यांनी ते टाळावं.

झुडपांच्या पायाशी पर्पल हार्ट आणि, झुडूप कमी तहानेचं असेल तर, रिओ लावा. ही जांभळट पानांची बुटकी झाडं. दोन्ही पाण्यावाचून बरेच दिवस काढतात आणि माती झाकून ठेवतात.

सुरुवात तीन झाडांनी करा. एक अकालिफा, एक एरॅन्थेमम किंवा ग्रॅप्टोफायलम, आणि खाली पसरायला पर्पल हार्ट. हातगाडीवाला शंभर रुपयांत चार देतो म्हणून बारा कुंड्या भरणारे मेमध्ये आठ रिकाम्या कुंड्या मोजत बसतात.

पिशवीतला मातीचा गोळा

नर्सरीत झाड उचलताना पानांकडे सगळेच बघतात. तुम्ही पिशवी दाबून बघा. मुंबईत येणारी बरीच झाडं बाहेरगावच्या मोठ्या नर्सऱ्यांतून येतात आणि ट्रकच्या प्रवासात मुळं सुटू नयेत म्हणून चिकणमातीच्या घट्ट गोळ्यात बांधलेली असतात. हा गोळा सुकला की विटेसारखा होतो. तुम्ही रोज पाणी घालता, ते भोवतीच्या सैल मातीतून खाली निघून जातं, ताटलीत पाणी दिसतं म्हणून तुम्ही निश्चिंत असता आणि गोळ्याच्या आत मुळं कोरडी ठणठणीत. कमी पाण्यात झाडं मरण्याचं हे एक मोठं आणि फारसं न बोललं जाणारं कारण आहे.

उपाय सोपा. घरी आणल्यावर पिशवीसकट झाड बादलीत अर्धा तास बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत. पिशवी कापा. गोळ्याच्या कडेची माती बोटांनी किंवा जुन्या काट्याने हलकेच खरवडा, साधारण बाहेरचा एक तृतीयांश भाग सुटला पाहिजे आणि पांढरी मुळं मोकळी दिसली पाहिजेत. सगळी माती धुऊन काढायच्या भानगडीत पडू नका, विशेषतः क्रोटनच्या. त्याला मुळांशी केलेली झोंबाझोंबी आवडत नाही.

आणखी एक. नर्सरीत झाडं हिरव्या जाळीखाली असतात. ती आणल्या आणल्या उन्हात ठेवली तर पानांवर तपकिरी डाग पडतात आणि ते जात नाहीत. दहा-पंधरा दिवस सावलीतून हळूहळू उन्हाकडे सरकवत न्या.

कुंडी आणि माती

कुंडी किमान १२ इंची. लहान कुंडी मेमध्ये दुपारपर्यंत सुकते, मग कमी पाण्याच्या गप्पा कशाला? मातीची कुंडी दिसायला देखणी, पण तिच्या अंगातून पाणी उडून जातं. कमी पाण्यासाठी फिक्या रंगाचं जाड प्लॅस्टिक किंवा सिमेंट बरं. काळं प्लॅस्टिक उन्हात तापतं आणि मुळं शिजतात. वजनाचाही विचार करा, ओल्या मातीसकट १२ इंची कुंडी २० किलोच्या पुढे जाते. खिडकीच्या बॉक्स ग्रिलमध्ये अशा पाच-सहा ठेवण्याआधी ग्रिलचे गंजलेले बोल्ट एकदा बघून घ्या.

मातीचं प्रमाण असं: चार भाग लाल माती, दोन भाग जुनं शेणखत किंवा गांडूळखत, दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), दोन भाग विटांचा बारीक चुरा किंवा जाड रेती. रेती खाडीची असेल तर खारी असते, ती धुऊन घ्या किंवा विटाच वापरा. इमारतीत कुठे ना कुठे तोडफोड चालू असतेच, तेव्हा विटा फुकट मिळतील. कोकोपीटची वीटही दोनदा भिजवून पिळून घ्या, त्यातही मीठ असतं. जास्त कोकोपीट घालून कुंडी हलकी करायचा मोह होतो, पण ते एकदा पूर्ण वाळलं की पाणी धरत नाही, वरच्यावर वाहून जाऊ देतं. निंबोळी पेंड मूठभर घाला आणि तळाची भोकं सळीने तपासा.

लावायची वेळ

जूनचा पहिला धसमुसळा पाऊस होऊन गेला की लावा, जुलैच्या मध्यापर्यंत. मातीत ओल, आकाशात ढग, हवा दमट; झाडाला मुळांशिवाय दुसरं काम नसतं. फेब्रुवारीत राणीच्या बागेत महापालिकेचं झाडा-फुलांचं प्रदर्शन बघून आल्यावर हात शिवशिवतात हे मान्य, पण तेव्हा लावलेल्या झाडाला चार आठवड्यांत उन्हाळा गाठतो.

पावसाळ्यात मात्र उलटीच काळजी. कुंडी दोन विटांवर उचलून ठेवा, खालच्या ताटल्या काढून टाका. निचरा झाला नाही तर मुळं कुजतात, वरून झाड हिरवं दिसतं, आणि ऑक्टोबरच्या उन्हात एका आठवड्यात खलास होतं. मग लोक पाणी कमी पडलं म्हणून आणखी पाणी घालतात. ताटल्या काढण्याचं दुसरं कारण डेंग्यूचे डास. महापालिकेची माणसं घरोघरी येऊन नेमक्या याच ताटल्या बघतात.

पाणी

रोज मगभर पाणी शिंपडणं ही सर्वांत वाईट सवय. वरची दोन इंच माती ओली होते, मुळं वरच घुटमळतात आणि तुम्ही चार दिवस गावाला गेलात की संपलं. पाणी द्यायचं तेव्हा खालच्या भोकातून ओघळ येईपर्यंत, १२ इंची कुंडीला साधारण दोन लिटर, सावकाश, दोन हप्त्यांत. पुढचं पाणी कधी? बोटाची दोन पेरं मातीत घाला. टोकाला ओल लागली तर थांबा. काही दिवसांनी नुसती कुंडी कलती करून वजनावरून कळायला लागतं.

दुपारी पानं मलूल दिसली म्हणून धावू नका. अकालिफा आणि एरॅन्थेमम ओल्या मातीतही भर दुपारी मान टाकतात आणि संध्याकाळी सावरतात. सकाळी सात वाजता मलूल असतील तर मात्र ती खरी तहान.

ऑक्टोबरपासून दोन पाण्यांमधलं अंतर हळूहळू वाढवत न्या, आधी एक दिवसाआड, मग दोन दिवसांआड, डिसेंबर-जानेवारीत चार-पाच दिवसांनी. मार्चपासून ते पुन्हा कमी होईल, मेमध्ये कुंडीला एक दिवसाआड लागेलच. जमिनीत लावलेल्या, एक पावसाळा काढलेल्या झुडपाला उन्हाळ्यातही आठवड्याला एक भरपूर पाणी पुरतं. सोसायटीच्या आवारात जागा मिळत असेल तर सेक्रेटरींशी गोड बोला.

पाणी आणायचं कुठून, यावर मुंबईकराकडे हुकमी उत्तर आहे: एसी. मार्च ते जून, म्हणजे झाडांना सर्वांत जास्त गरज असते तेव्हाच, एसीच्या नळीतून रात्रभर पाणी ठिबकत असतं आणि इथल्या दमट हवेत ते बरंच निघतं. त्यात क्षार जवळजवळ नसतात, शोभेच्या झाडांना ते उत्तम. नळी बादलीत सोडा, सकाळी तेच घाला. डाळ-तांदूळ, भाजी धुतलेलं पाणीही चालतं, फक्त त्याच दिवशी वापरा. पिण्याचं पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्राच्या नळीतून वाया जाणारं पाणी वेगळं. त्यात क्षार एकवटलेले असतात. वापरायचंच तर निम्मं साधं पाणी मिसळून, तेही कधीतरी. कुंडीच्या काठावर पांढरा थर आणि पानांच्या कडा तपकिरी दिसायला लागल्या की समजा क्षार साचले. पावसाळ्यात कुंडी उघड्यावर ठेवली की ते बरेचसे धुऊन निघतात.

कुंडी मोठी असेल, निदान १६ इंची, किंवा वाफा असेल तर त्यात एक लहान मडकं गळ्यापर्यंत पुरा. धारावीच्या कुंभारवाड्यात छोटी मडकी मिळतात. रंग किंवा चकाकी न दिलेलं घ्या, पाणी भरून ठेवल्यावर बाहेरून ओलसर झालं पाहिजे. ते तीन-चार दिवसांनी भरायचं आणि तोंड झाकणाने घट्ट बंद ठेवायचं. माती कोरडी झाली की पाणी झिरपतं, ओली असली की थांबतं. गणपतीला कोकणात जाणाऱ्यांना तेव्हा याची गरज पडत नाही, पण मेच्या सुट्टीत ही युक्ती झाडं वाचवते.

आणि माती उघडी ठेवू नका. आवारातला वाळका पाला दोन इंच पसरा. शहाळीवाल्याकडच्या टाकून दिलेल्या साली वाळवून, तुकडे करून टाकल्या तरी छान. खोडाभोवती दोन बोटं जागा सोडा. जूनमध्ये हे आच्छादन बाजूला सारा, नाहीतर त्याखाली गोगलगायी मुक्काम ठोकतात.

छाटणी, खत, कीड

छाटणी पहिल्या पावसानंतर, हलका हात ऑक्टोबरात. एप्रिल-मेमध्ये कात्री लावू नका, फुटणारी कोवळी पानं करपतात आणि पाणी खातात. खत वर्षातून दोनदा, जून आणि ऑक्टोबरात, कुंडीला दोन मुठी गांडूळखत. बस्स.

गडद पानांवर धूळ लगेच दिसते, आणि मुंबईत बांधकामाच्या धुळीला तोटा नाही. आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पानं पुसा. पुसताना पानाची मागची बाजूही बघितली जाते, आणि कीड तिथेच असते: फांदीच्या बेचक्यात कापसासारखे पिठ्या ढेकूण, कोरड्या दिवसांत बारीक जाळी करणारे लाल कोळी. लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि दोन-चार थेंब साबण, संध्याकाळी फवारा, आठवड्याने पुन्हा.

मांडणी आणि पुढच्या वर्षीची रोपं

काळं पान काळवंडलेल्या भिंतीपुढे दिसतच नाही. मागे फिकी भिंत हवी, किंवा शेजारी पोपटी रंगाचा दुरांटा. संध्याकाळचं तिरपं ऊन पानाच्या मागून येईल अशी जागा मिळाली तर मरून अकालिफा पेटल्यासारखी दिसते. मात्र सारख्या तहानेची झाडं एकत्र ठेवा. रिओ आणि अकालिफा एकाच कुंडीत घालून दोघांना खूश ठेवता येत नाही.

दुसऱ्या पावसाळ्यात छाटलेल्या फांद्या टाकू नका. अकालिफा, एरॅन्थेमम, ग्रॅप्टोफायलम यांची पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब काडी घ्या, खालची पानं काढा, वरची अर्धी कापा आणि जुलैच्या भिजक्या हवेत रेतीमिश्रित मातीत खोचा. महिन्याभरात मुळं धरतात. क्रोटनची काडीही लागते, पण गुटी, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फोडणं, जास्त भरवशाची. फांदीची बोटभर रुंद साल गोलाकार काढा, चीक पुसून घ्या, ओलं शेवाळ किंवा कोकोपीट लावून प्लॅस्टिकने घट्ट बांधा. प्लॅस्टिकमधून पांढरी मुळं दिसायला लागली की खालून कापून कुंडीत लावा, आणि पहिले पंधरा दिवस उन्हात आणू नका. या कामाला हातमोजे घाला, आणि चीक लागलेले हात धुतल्याशिवाय डोळ्यांना लावू नका.